महाधमनीतली गुठळी विरघळली, तरी गोळी चालू का ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहीण ३१ वर्षांची, सासर देवगड तालुक्यात, सहा वर्षांपासून लुपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार. यंदा फेब्रुवारीत एका रात्री उजवा पाय अचानक दुखायला लागला, थंड पडला, बोटं निळी झाली. कोल्हापूरला नेऊन पायाच्या धमनीतली गुठळी काढली आणि पाय वाचला. तिथेच केलेल्या सीटी अँजिओग्राफीत छातीतल्या महाधमनीला आतून चिकटलेली आणखी एक गुठळी दिसली. धमनीची भिंत मात्र निरोगी होती. अँटिफॉस्फोलिपिडच्या तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आल्या, बारा आठवड्यांनी परत केल्या तरी पॉझिटिव्ह. असेनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी, ॲस्पिरिन ७५ आणि लुपसचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. नव्या सीटीत महाधमनी स्वच्छ दिसते. आता असेनोकुमारॉल बंद करता येईल का? नाहीतर सारखी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करावी न लागणारी नवी गोळी चालेल का? छातीतली गुठळी तेव्हाच ऑपरेशन करून का काढली नाही? आणि तिला मूल हवं आहे, त्याचं काय? मुंबईत नोकरीला असलेल्या तिच्या भावाने हे विचारलं आहे.

आधी उत्तर सांगते, कारण ते तुम्ही लगेच फोनवर बहिणीला कळवणार. असेनोकुमारॉल बंद करायची नाही, एक दिवसही स्वतःहून चुकवायची नाही, आणि आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळीवर जायचं नाही. गुठळी गेली ही फार चांगली बातमी आहे. पण ज्या कारणाने ती झाली ते कारण तिच्या रक्तात अजून आहे, आणि दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह आलेला रिपोर्ट तेच सांगतो. सीटीत महाधमनी दिसते, रक्ताची प्रवृत्ती दिसत नाही. मूल होऊ शकतं, पण लगेच नाही आणि तयारीशिवाय नाही.

मी संधिवात आणि ऑटोइम्यून आजारांची डॉक्टर आहे, आणि माझे बहुतेक पेशंट रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. लुपसमध्ये पायाच्या शिरेत गुठळी होणं आम्ही बऱ्यापैकी पाहतो. महाधमनीत होणं दुर्मिळ, आणि दुर्मिळ असल्यामुळेच घरच्यांना ते नीट समजावून सांगायचं राहून जातं. मग गोळी का घ्यायची हेच माहीत नसतं, आणि बरं वाटायला लागलं की ती सुटते. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी, छातीतून पोटात उतरणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी. मोठ्या माणसात ती दोन-तीन सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्यातून रक्त जोरात वाहतं. इतक्या वेगात गुठळी सहसा धरत नाही. गुठळी व्हायला तीन गोष्टींपैकी काहीतरी बिघडावं लागतं, हे विर्शो या जर्मन डॉक्टरने १८५६ मध्ये मांडलं आणि आम्ही अजून त्याच चौकटीत विचार करतो: रक्तवाहिनीची भिंत, प्रवाह आणि खुद्द रक्त. साठी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या, मधुमेह असलेल्या माणसाच्या महाधमनीत चरबीचे थर असतात, कुठे ती फुगलेली असते, आणि तिथे गुठळी बसते. त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. पण ३१ वर्षांच्या बाईच्या स्वच्छ भिंतीवर गुठळी दिसली की कारण शोधल्याशिवाय थांबता येत नाही. कारण सापडलं की उपचार ठरतो, आणि कारणाप्रमाणे तो अगदी वेगवेगळा असतो.

तुमच्या बहिणीचं कारण रक्तात आहे. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा आजार लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये वर्णन केला. लुपसच्या पेशंटपैकी साधारण तिघांत एकाच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, म्हणजे स्वतःच्याच शरीरावर उलटलेली प्रथिनं, सापडतात, पण त्या सगळ्यांना गुठळ्या होत नाहीत. या अँटिबॉडी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर आणि प्लेटलेटवर जाऊन बसतात आणि त्यांना चिथावतात. त्यात लुपस भडकलेला असेल, किडनीतून प्रथिनं जात असतील, तंबाखू असेल, इस्ट्रोजेनच्या गोळ्या असतील, तर गुठळी व्हायला निमित्त मिळतं. किडनीचा मुद्दा विसरू नका. लघवीतून प्रथिनं जातात तेव्हा गुठळी रोखणारं अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिनही निसटतं. म्हणून तिची लघवीची तपासणी प्रत्येक भेटीत झाली पाहिजे.

या अँटिबॉडी शोधायला तीन तपासण्या असतात: लुपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन. तिन्ही पॉझिटिव्ह असतील तर धोका सर्वांत जास्त. साध्या तापातही या अँटिबॉडी काही काळ वर येतात आणि जातात, म्हणून किमान बारा आठवड्यांनी परत करायच्या. तुमच्या बहिणीच्या डॉक्टरांनी हे शिस्तीत केलं आहे.

यातली लुपस अँटिकोॲग्युलंटची तपासणी जरा समजून घ्या, कारण कोकणात ती चुकायला वाव फार. ही तपासणी घोणसाच्या विषावर चालते. हो, आपल्या काजूच्या बागेत निघतो तोच घोणस. त्याचं विष रक्त गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट चालू करतं. लॅबमध्ये ते अगदी विरळ करून पेशंटच्या प्लाझ्मात (पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या द्रवात) घालतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. अँटिबॉडी असेल तर नळीत रक्त उशिरा गोठतं. शरीरात मात्र तीच अँटिबॉडी गुठळ्या करते. नळीतला उशीर पाहून ‘हिचं रक्त आधीच पातळ आहे, हिला गोळी कशाला’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तीच गत प्लेटलेटची. या आजारात प्लेटलेट थोड्या कमी असतात, लाखाच्या आसपास रेंगाळतात, पण त्यामुळे गुठळीपासून बचाव होत नाही.

आणि हा नमुना नाजूक असतो. रक्त काढल्यावर प्लाझ्मा दोनदा फिरवून वेगळा करावा लागतो, तोही चार तासांच्या आत. प्लेटलेट राहून गेल्या तर अँटिबॉडी त्यांनाच चिकटते आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. गावातल्या सेंटरवर घेतलेलं रक्त बर्फाच्या डब्यात घालून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलं, तर त्या निगेटिव्ह रिपोर्टवर मी विश्वास ठेवत नाही. प्लाझ्मा इथेच वेगळा करून, गोठवून पाठवायला हवा. शिवाय हेपॅरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन, असेनोकुमारॉल आणि त्या नव्या गोळ्या, सगळ्याच या तपासणीत लुडबुड करतात. म्हणून शक्य असेल तर पहिला नमुना हेपॅरिन सुरू करायच्या आधी घ्यावा. पण पाय काळा पडत असताना नमुन्यासाठी हेपॅरिन थांबवायचं नाही. आधी पाय.

गुठळी येण्याचं पहिलं दार रक्ताचं, दुसरं भिंतीचं. तुमच्या रिपोर्टात भिंत निरोगी आहे, तरी हे लिहिते, कारण आपल्या देशात तरुण बायकांमध्ये महाधमनीची सूज हा आजार आहे आणि तो वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. जपानचे नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी १९०८ मध्ये त्यातल्या डोळ्याच्या खुणा मांडल्या, म्हणून त्यांचं नाव. बारीक ताप, वजन उतरणं, धुणं पिळताना हात भरून येणं, आणि कमी वयात ब्लड प्रेशर. यात सीटीवर किंवा एमआरआयवर धमनीची भिंत जाड दिसते. यात मुख्य औषध स्टिरॉइड आणि रोगप्रतिकारशक्ती आवरणारी औषधं. नुसतं रक्त पातळ ठेवून भिंतीची सूज उतरत नाही. बेहसेट नावाच्या आजारात तर फुप्फुसाच्या धमन्या फुगलेल्या असतील आणि ते न बघता रक्त पातळ केलं, तर खोकल्यातून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. कारण आधी शोधा असं मी म्हणते ते यासाठी. महाधमनीची भिंत चिरून तिच्या थरांमध्ये रक्त साठलं तरी ते घाईत गुठळीसारखं दिसू शकतं, आणि तिथे रक्त पातळ करणं घातक. तो फरक रेडिओलॉजिस्टने ठामपणे लिहून द्यायला हवा.

त्यासाठी मशीनच्या आधी हात लागतात. लुपसच्या प्रत्येक पेशंटला मी झोपवून दोन्ही मनगटांच्या नाड्या एकाच वेळी बघते, मग दोन्ही जांघांच्या, मग पावलांच्या. पावलात दोन जागा असतात: पावलाच्या वर, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत, आणि आतल्या घोट्याच्या मागे. तीन बोटं हलकी टेकवायची, दाबायची नाहीत. दाबलं की आपल्याच बोटातले ठोके आपल्याला लागतात. मग अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं नख दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. ब्लड प्रेशर दोन्ही दंडांवर. वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक असेल तर पुढची तपासणी ठरलेली. यातलं पावलाचं आणि नखाचं तुमची बहीण घरी स्वतः शिकू शकते, आणि तिने शिकावं. दोन्ही पाय रोज सारखेच उबदार आहेत ना, एवढं तरी आंघोळीच्या वेळी बघितलंच पाहिजे.

तिसरं दार हृदयाचं. लुपसमध्ये झडपांवर जंतूंशिवायच कण चिकटतात. लिबमन आणि सॅक्स यांनी १९२४ मध्ये ते दाखवलं. ते कण सुटून पायात जाऊ शकतात. तिची इको झाली असेलच. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून फाइलमध्ये एकदा बघून घ्या.

आता ऑपरेशन का केलं नाही. पायातली गुठळी फुग्याच्या नळीने काढतात. फोगार्टी यांनी १९६३ मध्ये ती पद्धत आणली. जांघेत छोटा छेद, नळी आत, फुगा फुगवून बाहेर ओढायचा. पाय वाचवायचा तर ते तातडीने करावंच लागतं. छातीतल्या महाधमनीचं तसं नाही. ती उघडणं म्हणजे छाती उघडणं, आणि ज्या रक्ताला गुठळ्या करायची खोड आहे त्याच रक्तावर टाके आणि कृत्रिम नळी बसवणं. आतून जाळीची नळी बसवता येते, पण ती नेताना तार गुठळीजवळून जाते आणि तुकडा सुटण्याची भीती असते. म्हणून भिंतीला सपाट चिकटलेल्या गुठळीवर आधी हेपॅरिन आणि मग गोळी हाच बहुतेक ठिकाणी पहिला मार्ग असतो, आणि काही आठवड्यांत ती विरघळते. अपवाद असतात. काही गुठळ्यांचा देठ भिंतीला आणि बाकीचा भाग प्रवाहात असतो; जेटीला बांधलेल्या होडीच्या दोरावरचं शेवाळ भरतीच्या पाण्यात हलतं, तशी ती प्रत्येक ठोक्याला हलताना इकोवर दिसते. अशी लोंबती मोठी गुठळी असेल, किंवा औषध चालू असूनही पुन्हा तुकडे सुटत असतील, तर सर्जन हात घालतात. तुमच्या बहिणीच्या बाबतीत वाट बघण्याचा निर्णय योग्य होता, आणि नव्या सीटीने ते दाखवून दिलं.

एक मात्र बघा. गुठळी दिसेनाशी झाली म्हणजे ती सगळी जागेवरच विरघळली असं गृहीत धरू नका. लहान तुकडे किडनीत किंवा प्लीहेत जाऊन गुपचूप डाग ठेवून जातात. सीटीच्या रिपोर्टात या दोन अवयवांबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि ब्लड प्रेशर नव्याने वाढलं असेल तर किडनीच्या बाजूने विचार करायला सांगा. यापुढे कारण नसताना दर तीन महिन्यांनी सीटी करू नये. त्यातलं रंगाचं औषध लुपसच्या किडनीला सोसत नाही.

नव्या गोळ्यांकडे येते. रिव्हरॉक्साबान, अपिक्साबान या गोळ्यांनी पुष्कळ पेशंटची सोय झाली आहे, मीही त्या इतरांना देते. पण तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्यांवर इटलीत एक चाचणी झाली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. १२० पेशंट होते, काहींना रिव्हरॉक्साबान आणि काहींना वॉर्फरिन. रिव्हरॉक्साबानच्या गटात सात जणांना धमनीच्या गुठळ्या झाल्या, चौघांना पक्षाघात आणि तिघांना हार्ट ॲटॅक. वॉर्फरिनच्या गटात एकालाही नाही. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनीही अशा पेशंटना या गोळ्या देऊ नयेत असं बजावलं. तिची गुठळी धमनीतलीच होती. तेव्हा सोयीसाठी हा बदल करायचा नाही. कुणी फिजिशियनने सुचवलं असेल तर त्यांना तिन्ही रिपोर्ट दाखवा. सगळे कागद समोर असले की बहुतेक डॉक्टर हेच सांगतील.

राहिला आयएनआरचा जाच. तो खरा आहे, मी तो कमी लेखत नाही. देवगडच्या आतल्या गावातून सकाळची एसटी पकडून लॅबला जायचं, रिपोर्ट संध्याकाळी, मग डॉक्टरांना फोन. धमनीत गुठळी झालेल्या अशा पेशंटला एकतर २ ते ३ आयएनआर आणि सोबत ॲस्पिरिन, नाहीतर ३ ते ४ आयएनआर ठेवतात. तिला ॲस्पिरिन चालू आहे, म्हणजे तिच्या डॉक्टरांनी बहुधा पहिला मार्ग धरलाय. तिचा नेमका आकडा त्यांच्याकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. वही म्हणजे साधी वही: तारीख, किती मिलिग्रॅम घेतली, आयएनआर किती, कुठल्या लॅबमधली. असेनोकुमारॉलच्या गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात आणि ‘एक दिवस दोन, एक दिवस तीन’ असा डोस असला की घोटाळा होतोच. घेतली की लगेच खूण करायची. वॉर्फरिनपेक्षा हिचा असर लवकर उतरतो, म्हणून एक चुकलेला डोसही जाणवतो. त्याच दिवशी आठवलं तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी आठवलं तर दुप्पट नाही.

लॅब एकच ठेवा. निळ्या बुचाची नळी खुणेपर्यंत पूर्ण भरली पाहिजे. अर्धी भरली तर आत असलेलं सायट्रेट रक्ताच्या मानाने जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला येतो. त्या आकड्यावर डोस कमी केला की गुठळीला रान मोकळं. हे बहिणीने नळीकडे बघून स्वतः सांगावं, टेक्निशियनला राग आला तरी चालेल. बोटाच्या टोकावरचं रक्त घेणारी छोटी मशीन मिळतात. या आजारात ती कधीकधी चुकीचा आकडा दाखवतात, तेव्हा आधी शिरेतल्या रक्ताशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांच्यावर डोस ठरवू नका.

खाण्याबद्दल तिला भलतीच बंधनं घातली गेली असतील अशी शंका येते. हिरव्या पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा असर कमी होतो, म्हणून पालेभाजी बंद, असं सांगितलं जातं. बंद नको. आठवड्याला जेवढी खाते तेवढीच खात राहायची. आपल्याकडे घोळ होतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. पाऊस पडला की टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्डू, परसातला अळू आणि माठ, पंधरा दिवस रोज पानात हिरवंच. तेव्हा आयएनआर उतरतो. त्या दिवसांत एक जादा तपासणी करावी किंवा भाजीचं प्रमाण आवरावं. मासे, कुळथाची पिठी, सोलकढी, यांनी काही बिघडत नाही. नाव माहीत नसलेले काढे आणि पुड्या नकोत. मिशेरी लावत असेल तर ती सोडायलाच हवी. निकोटिनने धमन्या आवळतात, आणि मिशेरीला कोणी तंबाखूत मोजत नाही म्हणून विचारल्यावर ‘तंबाखू नाही’ असंच उत्तर मिळतं.

पावसाळ्यातला ताप हा मला सर्वांत काळजीचा विषय वाटतो. लावणीच्या चिखलातून लेप्टो, डासांतून डेंग्यू आणि मलेरिया. दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडताप. यांतल्या बहुतेकांत प्लेटलेट घसरतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना प्लेटलेट घसरणं म्हणजे दोन्हीकडून संकट: गोळी चालू ठेवली तर रक्तस्राव, थांबवली तर गुठळी. म्हणून तिला ताप आला तर दोन दिवस वाट बघायची नाही. त्याच दिवशी सीबीसी आणि आयएनआर. गोळी कमी करायची की हेपॅरिनवर जायचं हे डॉक्टर आकडे बघून ठरवतील. कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, स्नायूत रक्त साठतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नाही. पॅरासिटामॉल चालतं, पण चार-पाच दिवस भरपूर घेतलं तर आयएनआर चढतो. सेप्ट्रान, मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल या जंतू-बुरशीवरच्या औषधांनी तो झपाट्याने चढतो. लेप्टोसाठी लावणीच्या दिवसांत डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या मिळतात. त्या घेतल्या तरी कळवायचं. टीबीचं रिफॅम्पिसिन उलट करतं, आयएनआर पाडतं.

दोन आठवड्यांच्या गोळ्या जास्तीच्या घरात ठेवा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. अशा वेळी औषध कुठून आणणार?

फुरसं आणि घोणस आपल्या बागांत आहेतच. चावलं तर डॉक्टर रक्त वीस मिनिटं काचेच्या नळीत ठेवून गोठतं का बघतात. असेनोकुमारॉल चालू असेल तर ही तपासणी फसवू शकते, म्हणून दवाखान्यात पोचताच गोळीचं नाव पहिलं सांगायचं आणि वही पुढे करायची.

दाढ काढायची वेळ आली तर दंतवैद्य ‘पाच दिवस गोळी बंद ठेवून या’ म्हणतील. तिने असं करायचं नाही. एक दाढ काढायला आयएनआर हद्दीत असेल तर बहुधा गोळी थांबवावी लागत नाही. मोठ्या ऑपरेशनला थांबवावी लागली तर मधले दिवस हेपॅरिनने भरून काढतात. या आजारात गोळी अचानक तुटल्यावर काही दिवसांत मेंदू, किडनी, फुप्फुस अशा सगळीकडे एकदम गुठळ्या होण्याचा एक भयंकर प्रकार आहे. तो दुर्मिळ आहे, पण त्यातून माणूस वाचवणं फार कठीण जातं.

आणि गणपती. घरात बाप्पा असताना पाळी येऊ नये म्हणून मेडिकलमधून नॉरेथिस्टेरॉनच्या गोळ्या आणून घेणाऱ्या बायका मी दरवर्षी बघते. त्या डोसमध्ये या औषधाचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. तुमच्या बहिणीसाठी ती गोळी विषासारखी आहे. हे भावाने सांगायला अवघड वाटेल, तर वहिनींकडून किंवा आईकडून सांगा, पण सांगा, आणि सासूबाईंच्याही कानावर घाला. बाप्पापुढे कोण बसणार हे घरात दुसऱ्या तऱ्हेने ठरवता येतं.

पुन्हा कधी पाय किंवा हात अचानक दुखला, थंड पडला, पांढरा-निळा झाला, मुंग्या आल्या, तर घड्याळ लावायचं. साधारण सहा तासांच्या आत रक्त परत वाहतं झालं तर अवयव वाचण्याची आशा चांगली असते. शेकायचं नाही, तेल लावून चोळायचं नाही. बधिर झालेली कातडी भाजते आणि वेळ जातो. १०८ ला फोन, जवळच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या सल्ल्याने हेपॅरिनचं इंजेक्शन, आणि तिथूनच पुढे. कुठे जायचं हे आजच ठरवून ठेवा. करूळ घाटात दरड आली तर कोल्हापूर लांबतं. मग फोंडा घाट की खाली गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय, आणि त्या रात्री तिथे रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत का, हे निघतानाच फोनवर विचारायचं. अचानक जोरात पोटात दुखणं, कुशीत दुखून लघवी लाल होणं, तोंड वाकडं होणं, यालाही हाच नियम. काळी शौच किंवा डोक्याला मार लागला तर तितकीच घाई, फक्त तेव्हा भीती रक्तस्रावाची.

आता मुलाचं. तिची इच्छा रास्त आहे आणि अशा बायकांना मुलं झालेली मी पाहिली आहेत. पण धमनीत गुठळी होऊन जेमतेम काही महिने झालेत. लुपस निदान सहा महिने शांत असावा, लघवीत प्रथिनं नसावीत, ब्लड प्रेशर आटोक्यात असावं. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात असेनोकुमारॉल आणि वॉर्फरिनने बाळात व्यंग येऊ शकतं. म्हणून ठरवून प्रयत्न करायचा, पाळी चुकली की लगेच घरी टेस्ट, आणि पॉझिटिव्ह आली की डॉक्टरांशी बोलून त्याच दिवशी गोळीच्या जागी पोटाच्या कातडीखाली घ्यायचं एनॉक्सापॅरिन हे हेपॅरिनच्याच जातीचं इंजेक्शन, पूर्ण डोसमध्ये. ॲस्पिरिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू. लुपससाठी मायकोफेनोलेट चालू असेल तर ते गर्भ राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी थांबवून अझाथायोप्रिनवर यावं लागतं. अँटि-आरओ ही लुपसमधल्या आणखी एका अँटिबॉडीची तपासणी झाली नसेल तर आत्ताच करून घ्या. ती पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या हृदयाचे ठोके चौथ्या-पाचव्या महिन्यापासून खास बघतात. बाळंतपणानंतर असेनोकुमारॉलवर परत येता येतं आणि अंगावर पाजताही येतं. तोपर्यंत गर्भनिरोधक म्हणून नेहमीच्या इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या नकोत. निरोध किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं, यातलं काय ते स्त्रीरोगतज्ज्ञांना असेनोकुमारॉल चालू असल्याचं सांगून ठरवा.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तिला सहा वर्षं चालू असेल तर आता दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासायला हवा. रोजचा डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर नको. ही गोळी गुठळ्याही कमी करते, म्हणून डोळ्यांच्या भीतीने कुणी परस्पर बंद करू नये.

पुढच्या भेटीला जाताना दोन्ही वेळच्या अँटिफॉस्फोलिपिड तपासण्यांचे मूळ रिपोर्ट, दोन्ही सीटींच्या सीडी, इको, लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण आणि आयएनआरची वही सोबत असू द्या. सीटीचा नुसता कागद पुरत नाही, सीडी लागते. आणि या कागदांचा एक संच तुमच्याकडे मुंबईत, फोटो काढून फोनमध्ये, कायम ठेवा.